न दिलेला नकार

मंजूषा देशकर कशी आहे ते कळायला तिला एकदा फोन करून बघावा. तुम्ही म्हणता, "मंजूषा, साइट चालत नाहीये." ती म्हणते, "चालत नाही म्हणजे काय होतंय? उघडतच नाही, उघडून अडकते, की उघडते पण तुम्हाला आवडत नाही?" झाली तुमची उलटतपासणी सुरू! माझी सगळी नोकरी सचिवालयात दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात गेली, त्यामुळे मला हे पचायला जरा जडच जातं. सुरुवातीला मी तिच्यावर फोन आपटलाही आहे. तिनं लगेच परत लावला आणि म्हणाली, "सिंधूताई, फोन कट झाला वाटतं. हां, तर उघडतच नाही का?" आता अशा बाईवर रागावून तरी किती रागावणार?

तिचे आजोबा आणि माझे वडील, दोघंही नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा त्या कचेरीबरोबर इथं आले. पुढे मंजूषा एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होती. कॉलेज बंद पडलं. तिच्याबरोबरच्या बाकीच्या बायका घरी बसल्या, शिकवण्या घेऊ लागल्या. हिनं नेहरू नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि लोकांच्या बिघडलेल्या वेबसाइट बघायला लागली. एका दातांच्या डॉक्टरची, एका शाळेची, बियाणं विकणाऱ्या एका शेठची. नवऱ्याची नोकरी इटारसीला रेल्वेत, तो शनिवारी येतो. मी एकदा तिला विचारलं होतं, अगं, नवीन साइट का नाही बनवत, त्यात नाव होतं. तर म्हणे, "नवं घर बांधायला सगळे धावतात ताई. छत गळायला लागलं की कोणी येत नाही. मग मी जाते." एवढंच बोलून चहा ठेवायला उठली.

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या मराठी मंडळाचा वधू-वर सूचक विभाग माझ्याकडे आहे. पूर्वी आम्ही घरोघर जाऊन स्थळं सांगायचो, आता साइट आहे. स्थळ आवडलं की तिथं फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, की तुमचा निरोप ई-मेलनं समोरच्या घरी जातो. आणि आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तोंडावर नाही म्हणायला आपली जीभ रेटत नाही. पूर्वी निदान 'पत्रिका जुळत नाही' एवढं तरी कळवायचे, आता तेही नाही. उत्तर आलं नाही की तोच नकार समजायचा. परत विचारायला गेलं तर लाज सोडली म्हणतात.

माझी धाकटी बहीण शशिकला विमा कंपनीच्या ऑफिसात आहे, अयोध्या नगरात एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी जुई लग्न होऊन पुण्याला गेली. गेल्या गणपतीत त्या पोरीनंच आईला बसवून सांगितलं, "आई, मंडळाच्या साइटवर नाव घाल. मला तिकडे रोज तुझी काळजी लागून राहते." शशी आधी हसली, मग चिडली, मग महिनाभर गप्प राहिली. आणि एक दिवस माझ्याकडे अरेरा कॉलनीत येऊन, चहाचा कप हातातच धरून म्हणाली, "ताई, त्या फॉर्ममध्ये घरातल्या ज्येष्ठांचा ई-मेल मागतात. तुझा घालू?" पुनर्विवाहाच्या विभागातसुद्धा ज्येष्ठ! छप्पन वर्षांच्या बाईला! पण तिचा लालबुंद चेहरा बघून मी ते गिळलं. घाल म्हटलं.

तिनं एकच निरोप पाठवला. जयंतराव खांडवेकरांना. ते मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, विधुर, तिच्याच भागात राहणारे. मंडळात पेटी वाजवतात. माणूस सज्जन, बोलणं कमी. शशीनं चार ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या, आणि डोळे मिटून बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, 'आपला निरोप पोहोचला आहे.'

आणि मग काहीच नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, उत्तर नाही. शशीनं मंडळात येणं सोडलं. ज्या बाजारात ते भाजीला यायचे तो बाजार सोडून ती दुसरीकडे लांब जायला लागली. एक दिवस मला म्हणाली, "माझं नाव काढून टाक तिथून. या वयात हसं करून घेतलं मी स्वतःचं. जुईला पण सांगू नकोस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निरोप माझ्या नावानं गेलेला, आणि त्याला साधं 'नाही' सुद्धा नाही? संक्रांतीच्या कार्यक्रमात मी रांगेनं सगळ्यांना तिळगूळ दिला आणि जयंतरावांपाशी आल्यावर सरळ पुढच्या माणसाकडे वळले. बिचारे हात पुढे करून उभे. कसलं आलंय गोड बोला!

मी एकटीच चिडलेली नव्हते. कार्यकारिणीच्या बैठकीत चार घरांनी हेच गाऱ्हाणं आणलं, की लोकांना रीतभात राहिली नाही, कोणी उत्तरच देत नाही. आमचे अध्यक्ष उदयराव. त्यांनी ठराव केला की साइटवर मोठ्या अक्षरांत सूचना लावायची, 'आलेल्या निरोपास उत्तर देणे ही आपली संस्कृती आहे.' ती लावायचं काम मंजूषाकडे गेलं. साइट बनवणारा मुलगा कधीच बेंगळुरूला निघून गेला होता, आणि तेव्हापासून तीच बघत होती.

तिचा मला फोन आला. "सूचना लावते ताई. पण आधी एक सांगा. ‘मला निरोप आला होता, पण मी उत्तर दिलं नाही’ असं म्हणणारा एक तरी माणूस तुम्हाला भेटलाय?"

"असं कोण कबूल करेल, बाई?"

"तसं नाही. मला विचारायचंय की उत्तर देत नाहीत, की त्यांना मिळतच नाही?"

मी म्हटलं, साइटवर स्वच्छ लिहून येतं ना, निरोप पोहोचला म्हणून! तर म्हणाली, "हो ना, लिहून येतं." आणि फोन ठेवला. मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षा केली आणि तिच्या घरी जाऊन धडकले.

तिनं मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "तुमचा मोबाइल हातात धरा. तुम्ही आज समोरचं घर." मग तिनं स्वतःच्या नावानं फॉर्म भरला, माझ्याकडे निरोप पाठवला. साइट म्हणाली, पोहोचला. माझ्या मोबाइलवर काही नाही. स्पॅम उघडायला लावलं, तिथंही नाही. मी म्हटलं, नेटवर्क असेल. "असेल," म्हणाली, "पण मानायचं कशाला, बघूया." तिनं दुसऱ्या एका पत्त्यावरून मला साधा मेल केला. तो टुणकन आला. म्हणजे मोबाइल ठीक, नेटवर्क ठीक.

मग तिनं तो निरोप पाठवणारा प्रोग्राम उघडला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तिनं दोन ओळींवर बोट ठेवलं. "ही ओळ मेल पाठवते. आणि ही खालची सांगते की पोहोचला. वरच्या ओळीचं काय झालं हे खालची विचारतच नाही. वरची पडली, मेली, काहीही होवो, ही आपली पोहोचला म्हणणार." मी म्हटलं, अशी माणसं आमच्या ऑफिसात भरपूर होती. ती हसली. पण हात थांबला नाही.

मला वाटलं आता ती धडाधड काहीतरी बदलेल. छे! तिची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलायची, पाठवायची, मला विचारायचं, "आलं?" मी नाही म्हणायचं. मग ते होतं तसं परत ठेवायचं आणि दुसरी गोष्ट. माझा जीव वर-खाली होत होता. मी म्हटलं, अगं दोन-चार गोष्टी एकदम करून मोकळी हो ना! "मग कशानं बरं झालं ते कळणार नाही, ताई. आणि पुन्हा बिघडलं तर मला काय, देवाला विचारू?" शेवटी तिनं पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता काढून मंडळाचा पत्ता घातला. "आलं?" आलं! स्पॅममध्ये आलं, पण आलं. मी स्टुलावरून उठून उभीच राहिले.

ती मात्र तशीच बसून. "हं. म्हणजे नाव कोणाचं आहे त्याच्यावर अडतंय," म्हणाली, आणि सर्व्हरनं आपल्यापाशी लिहून ठेवलेली नोंद उघडली. तिथं एकेक मेल परत आल्याचं कारण होतं. सगळीकडे तेच. तिनं मला समजावलं ते असं: मी तुमच्या घरी येऊन म्हटलं की मी शशिकला आहे, तर तुम्ही दार उघडाल का? आमची साइट नेमकं हेच करत होती. पत्ता घरातल्या ज्येष्ठांचा, आणि मेल येतोय मंडळाच्या सर्व्हरवरून. पूर्वी मेलवाल्या कंपन्या डोळेझाक करायच्या. मधल्या काळात फसवणूक फार वाढली, तसे त्यांनी नियम कडक केले. तेव्हापासून प्रत्येक निरोप दारातूनच परत फिरत होता आणि घरातल्या माणसाला पत्तासुद्धा नव्हता.

"पण असं दुसऱ्याच्या नावानं पाठवायचं शहाणपण सुचलं कोणाला?" मी कडाडले.

मंजूषानं माझ्याकडे जरा दया आल्यासारखं बघितलं. "तुमच्याच कार्यकारिणीला. जुना ठराव आहे. स्थळाचं पत्र संस्थेच्या नावानं जाणं बरं दिसत नाही, घरच्या वडीलधाऱ्यांच्या नावानं गेलं पाहिजे. त्या मुलानं बिचाऱ्यानं तुम्ही सांगितलं तसं केलं."

मान राखायला गेलो, आणि निरोपच मारले. मी परत स्टुलावर बसले. मला एकदम शशी दिसली, लांबच्या बाजारात पिशवी घेऊन जाणारी. "मंजू," म्हटलं, "म्हणजे जयंतरावांनी नकार दिलाच नाही?" तेव्हा तिला कळलं की मी कोणाबद्दल एवढी तळमळतेय. तिनं नोंदीत शोधलं, माझा पत्ता सापडला. "नाही दिला. त्यांना मिळालाच नाही," म्हणाली. मला रडू आलं. का नाही येणार? माझी बहीण आहे ती.

दुरुस्ती सोपी निघाली. मेल मंडळाच्या पत्त्यावरून जाईल, पण उत्तर लिहायला घेतलं की ते आपोआप कुटुंबाच्या पत्त्यावर जाईल. मंडळाच्या नावानं पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे, असंही तिनं योग्य जागी नोंदवलं, त्यानंतर मेल स्पॅममध्ये जाणं बंद झालं. परत आलेले मेल कोणीतरी रोज बघेल अशी सोय केली. आणि ती खोटारडी ओळ काढून टाकली. एवढं झाल्यावर दुसरा कोणी बिल देऊन मोकळा झाला असता. पण मंजूषाचं खरं काम इथून पुढे सुरू झालं, आणि म्हणूनच मी हे लिहितेय.

बैठकीत तिनं सगळं सांगितलं. उदयरावांचा चेहरा पडला, पण लगेच सावरून म्हणाले, "ठीक हो गया ना? बस. आता गाजावाजा नको. मंडळाचं नाव खराब होईल."

"आणि अडकलेले निरोप?"

"ते आता पाठवून दे ना सगळे एकदम. बटण दाबायचं, खतम."

"तसं नाही करता येत, काका. मधल्या काळात कोणाचं लग्न झालंय, कोणाचं ठरून मोडलंय. एका घरचा तर मुलगाच गेलाय, तुम्हीच शोकसभेला होता. तिथं आता तुमचा जुना निरोप जाऊन पडायचा? आधी प्रत्येक पाठवणाऱ्याला सांगावं लागेल की त्याला नकार आलेला नाही. मग त्यानं म्हटलं पाठवा, तरच पाठवायचा."

"अगं, इतक्या लोकांना सांगायचं म्हणजे सगळ्या भोपाळभर होईल!"

"होऊ दे. घरोघर लोक मुलींना बोलले असतील, की तुझं वय, तुझा रंग, तुझी नोकरी. ते तसंच राहू द्यायचं असेल तर साइट तुम्ही दुसऱ्याला द्या." आवाज चढला नाही, काही नाही. लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घालायला लागली.

मी टेबलावर हात आपटला. माझा हात आपटलेला सगळ्यांना माहीत आहे. ठराव झाला.

फोन मंजूषानं स्वतः केले. मी मदतीला बसले होते, पण माझ्याच्यानं होईना, मी मध्येच कोणावर तरी भडकायचे. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "तुम्हाला नकार आलेला नाही, हे सांगायला फोन केलाय." एका मुलीचे वडील फक्त "बरं, बरं, बरं" म्हणत राहिले. एका बाईंनी मंजूषाला असं काही झोडपलं की जणू हिनंच मुद्दाम केलं. हिनं सगळं ऐकून घेतलं, "चुकलं आमचं" म्हणाली. मी खुणा करतेय, सांग ना, तू नाही केलंस! फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्यांना आत्ता नावं ठेवायला कोणीतरी हवंय ताई. माझं काय जातंय?" खरं सांगते, मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. मी वयानं मोठी आहे म्हणून थांबले.

शशीला मात्र तिनं फोन केला नाही. "त्यांच्याकडे जाऊ या," म्हणाली. रविवारी सकाळी आम्ही अयोध्या नगरात गेलो. शशीनं दार उघडलं, मंजूषाच्या हातात लॅपटॉप बघितला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. "ताई, मी नको म्हटलं होतं ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मंजूषानं माझा हात दाबला. तिनं शशीला काही पटवलं नाही, आग्रह केला नाही. तो परत आलेला मेल उघडून तिच्यासमोर ठेवला, आणि कुठून निघाला, कुठे अडला, सगळं सावकाश सांगितलं. शशीनं दोनदा विचारलं, "म्हणजे त्यांनी वाचलंच नाही?" "नाही." "म्हणजे ते मला नाही म्हणाले नाहीत?" "नाही म्हणाले नाहीत." शशी उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ सुरू होता. बाहेर आली ती तोंड धुऊन. "पाठव," म्हणाली, "पण ते ज्येष्ठांचं नाव घालावंच लागतं का? मला माझ्या नावानं पाठवायचंय."

"तुमच्या विभागातून मी तो रकाना काढलाय," मंजूषा म्हणाली. "उदयरावांना कळवलंय. विचारलं नाही."

निरोप गेला. या वेळी खरंच गेला, आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. शशीनं आम्हा दोघींना बोलावून घेतलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. जयंतरावांनी लिहिलं होतं: 'आपला निरोप आज मिळाला. उशिराचं कारणही त्यात कळलं, फार वाईट वाटलं. मी घर विकून पुढच्या महिन्यात मुलीकडे हैदराबादला कायमचा जात आहे, शब्द देऊन बसलो आहे. तेव्हा हे पत्र मिळालं असतं तर मी संकोच न करता आपल्याकडे चहाला आलो असतो. आपण मला विचारलंत, हा माझा मान समजतो.'

माझा संताप संताप झाला. ते मेलवाले, तो ठराव, उदयराव, मी सगळ्यांचा उद्धार केला. मंजूषा मान खाली घालून बसली होती. शेवटी हळूच म्हणाली, "मला आधी कळायला हवं होतं, शशिकलाताई." मी तिला इतकी हरलेली कधी बघितली नव्हती.

शशीनं मोबाइल माझ्या हातातून घेतला. पुन्हा एकदा वाचलं. डोळे भरलेले, पण तोंडावर असं काहीतरी की मला पंचवीस वर्षांपूर्वीची शशी आठवली. "ताई, चहाला आले असते म्हणतात," म्हणाली. "मला वाटत होतं माझं नाव वाचून हसले असतील." मग मंजूषाकडे वळली. "ती साइट उघड."

"कशाला?"

"अजून एक जण आहेत. पहिल्यापासून ते पण बरे वाटत होते. पण एकाच वेळी दोघांना लिहिणं मला बरं दिसलं नाही."

मंजूषानं लॅपटॉप उघडून तिच्यापुढे सरकवला. मी कोण ते बघायला वाकले, तर माझ्या धाकट्या बहिणीनं एका हातानं स्क्रीन झाकली आणि दुसऱ्या हातानं मला मागे ढकललं. "ताई, तू जा आत. चहा कर आमच्यासाठी." मी गेले. स्वयंपाकघरातून मला तिचं एकेक अक्षर शोधून टाइप करणं ऐकू येत होतं, आणि या वेळी ती काही पुसत नव्हती.